ऑपरेशन्स रिसर्चमध्ये शिरायचं कसं: वाटा, तयारी आणि पहिली नोकरी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमानं जर्मन पाणबुड्यांवर पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकत. ते साधारण १०० फूट खोलीवर फुटतील असे लावलेले असत. विमान दिसताच पाणबुडी बुडी मारते आणि बॉम्ब पडेपर्यंत तेवढी खोल पोहोचते, असा त्यामागचा हिशोब होता. ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञाने हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या आणि हिशोबातली खोट दाखवली. एवढी खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही, त्यामुळे तिच्यावर नेम लागणं जवळजवळ अशक्य. नेम लागू शकतो तो अजून पृष्ठभागाजवळ असलेल्या पाणबुडीवर, आणि तिच्यासाठी १०० फूट ही खोली फार जास्त. मग ती टप्प्याटप्प्याने २५ फुटांपर्यंत आणली गेली. विमानं तीच, बॉम्ब तेच, पण हल्ले यशस्वी होण्याचं प्रमाण कित्येक पटींनी वाढलं.

ऑपरेशन्स रिसर्च (थोडक्यात ओआर) म्हणजे काय, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो. त्यात एक ठोस निर्णय आहे: खोली किती ठेवायची? तो निर्णय घेणारी माणसं आहेत, प्रत्यक्ष नोंदी आहेत, आणि कोणत्या प्रकरणात आपल्याला खरोखर काही करता येतं याचा विचार आहे. त्याच काळात विमानविरोधी तोफांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटात शरीरक्रियाशास्त्रज्ञ, गणिती, खगोलभौतिकशास्त्रज्ञ, भूमापक अशी मंडळी होती. ओआरची पदवी त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. आज पदव्या आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. तरीही या क्षेत्रात शिरण्याची वाट गणितापासून न आखता निर्णयापासून आखावी, असं माझं ठाम मत आहे. पुढचा सगळा क्रम त्याच मतावर उभा आहे.

पहिली पायरी: काम नेमकं कुठे असतं ते शोधा

नोकरीच्या जाहिरातीत ‘ऑपरेशन्स रिसर्च ॲनालिस्ट’ असं पद दिसलं तर उत्तमच, पण बहुतेक काम वेगळ्या नावांखाली असतं: डिसिजन सायंटिस्ट, ऑप्टिमायझेशन इंजिनिअर, सप्लाय चेन ॲनालिस्ट, सिम्युलेशन मॉडेलर, रेव्हेन्यू मॅनेजमेंट ॲनालिस्ट, नेटवर्क प्लॅनर. म्हणून पदाच्या नावाने शोधण्यापेक्षा कामाच्या वर्णनातल्या शब्दांनी शोधा. ऑप्टिमायझेशन, शेड्युलिंग, रूटिंग, इन्व्हेंटरी, सिम्युलेशन, मिक्स्ड इंटिजर हे शब्द दिसले की जाहिरात पूर्ण वाचा.

विमान कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि तिकिटांचे दर ठरवायचे असतात. रुग्णालयांना खाटा आणि शस्त्रक्रियागृहाचं वेळापत्रक, वीज कंपन्यांना कोणतं केंद्र कधी चालवायचं, मालवाहतूकदारांना गाड्यांचे मार्ग. सरकारी खाती, संरक्षण दलं आणि बँकाही आहेत. ब्रिटनच्या सरकारमध्ये तर ‘गव्हर्न्मेंट ऑपरेशनल रिसर्च सर्व्हिस’ नावाची या विषयाची स्वतंत्र व्यावसायिक शाखाच आहे.

डेटा सायन्सशी होणारी गल्लतही इथेच दूर करून घ्या. उद्या किती रुग्ण येतील याचा अंदाज बांधणं हे भाकिताचं काम. त्या अंदाजावरून उद्या किती परिचारिका, कोणत्या पाळीत, कोणत्या वॉर्डात ठेवायच्या हे ठरवणं ओआरचं काम. दोन्ही एकमेकांना लागतात आणि कित्येक ठिकाणी एकच माणूस दोन्ही करतो. पण तुम्हाला ओढ कशाची आहे हे आधी ओळखलंत तर पुढचे अभ्यासक्रम निवडणं फार सोपं जातं.

दुसरी पायरी: गणिताचा पाया, तोही योग्य क्रमाने

संभाव्यता आणि संख्याशास्त्र सगळ्यात आधी. त्यानंतर रेषीय बीजगणित, मग थोडं कलनशास्त्र. आलेख सिद्धांत नेटवर्कचे प्रश्न शिकताना ओघाने येतो. शुद्ध गणितातली सिद्धता लिहिण्याची सवय असेल तर चांगलंच, नसेल तर त्यासाठी थांबू नका. संभाव्यतेत मात्र कसूर नको. प्रत्यक्षातले निर्णय अनिश्चिततेतच घ्यावे लागतात, आणि फक्त सरासरीवर आखलेली योजना पहिल्याच वाईट दिवशी कोलमडते.

तिसरी पायरी: मोजकी मॉडेल्स, पण हाडात मुरेपर्यंत

पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका लांबलचक असतात. सुरुवातीला रेषीय प्रोग्रामिंग (रेषीय अटींत राहून सर्वोत्तम उत्तर शोधणं), पूर्णांक प्रोग्रामिंग (तेच, पण काही उत्तरं पूर्ण संख्यांतच हवीत), नेटवर्क, साठ्याची मॉडेल्स, रांगांचा सिद्धांत आणि सिम्युलेशन (व्यवस्थेची संगणकावर नक्कल) एवढं पुरे. यातला प्रत्येक विषय कुठल्या ना कुठल्या खऱ्या कामातून जन्मला आहे, आणि ते काम माहीत असलं की सूत्रं लक्षात राहतात.

रांगांचंच बघा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉल्सचा संभाव्यतेने अभ्यास केला आणि तिथून हा सिद्धांत सुरू झाला. एकच खिडकी आहे, माणसं यादृच्छिकपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही तसाच बदलतो, असं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर तिथे सरासरी ४ माणसं असतात, रांगेतली आणि खिडकीवरचा धरून. ९० टक्क्यांवर ती ९ होतात आणि ९५ टक्क्यांवर १९. आपला कर्मचारी ‘रिकामा बसतो’ म्हणून तक्रार करणाऱ्या व्यवस्थापकाला हे तीन आकडे दाखवून बघा, चर्चेचा सूरच बदलतो. ओआरमध्ये मुरलेल्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असतात.

दुसरा असाच हाताशी ठेवायचा नियम म्हणजे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. एखाद्या जागेतली सरासरी संख्या म्हणजे तिथे येण्याचा दर गुणिले तिथे घालवलेला सरासरी वेळ. तासाला ३० रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ४० मिनिटं थांबत असेल तर कोणत्याही क्षणी तिथे सरासरी २० जण असणार. हा नियम येण्याच्या किंवा सेवेच्या वेळेच्या विशिष्ट वितरणावर अवलंबून नाही. व्यवस्था दीर्घकाळ स्थिर असली की झालं. म्हणूनच कोणी तीन आकडे तुमच्यापुढे ठेवले आणि ते या नियमात बसत नसले, तर मोजणीत गडबड आहे हे लगेच ओळखता येतं.

साठ्याच्या मॉडेल्समध्ये एका हंगामापुरता माल किती घ्यावा, हा प्रश्न नीट समजून घ्या. एक नग कमी पडला तर ३ रुपयांचा नफा हुकतो आणि एक नग उरला तर १ रुपया बुडतो. अशा वेळी मागणी भागण्याची शक्यता ३ भागिले (३ + १), म्हणजे ७५ टक्के होईल एवढा माल घ्यायचा. सरासरी मागणीएवढा माल घेणं इथे चूक ठरतं. त्यामागचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की हा विषय तुम्हाला कळला.

रेषीय प्रोग्रामिंगमध्ये जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ ची सिम्प्लेक्स पद्धत एकदा तरी कागदावर हाताने सोडवा. ड्युअल किमतींचा अर्थ नीट समजून घ्या, कारण ‘हे यंत्र आणखी एक तास चाललं तर किती फायदा?’ याचं उत्तर तिथे मिळतं आणि नेमका हाच प्रश्न लोक विचारतात. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी बेल लॅब्समध्ये मांडलेली पद्धत सिम्प्लेक्ससारखी शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या कडांवरून न जाता त्याच्या आतून उत्तराकडे सरकते. आजच्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे असे प्रश्न सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्ही प्रकारच्या पद्धती असतात. पूर्णांक प्रोग्रामिंगसाठी आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० मध्ये मांडलेली ‘ब्रँच अँड बाउंड’ (प्रश्नाच्या फांद्या पाडत जायचं आणि ज्यांत आणखी चांगलं उत्तर असूच शकत नाही त्या छाटायच्या) ही कल्पना पुरेशी समजली की सॉल्व्हर पडद्यावर काय छापतोय ते वाचता येतं.

चौथी पायरी: साधनं

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. यातलं एसक्यूएल लोक टाळतात, आणि मग नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अडतात. मॉडेल लिहायला पायथनमधली पल्प किंवा पायोमो ही लायब्ररी घ्या. सोडवायला हायज हा मुक्त सॉल्व्हर आहे. पाळ्या आणि मार्गांच्या प्रश्नांसाठी गुगलचं ओआर-टूल्स, आणि सिम्युलेशनसाठी सिमपाय. गुरोबी आणि सीप्लेक्स हे व्यावसायिक सॉल्व्हर मोठ्या प्रश्नांवर खूपच वेगवान असतात, आणि विद्यार्थ्यांना ते शैक्षणिक परवान्यावर मोफत मिळतात. स्प्रेडशीटला कमी लेखू नका. तुमचं उत्तर ज्याच्या हातात जाणार आहे तो बहुधा तिथेच ते उघडणार आहे.

सरावासाठी ओआर-लायब्ररी, मिपलिब आणि टीएसपीलिब हे चाचणी-प्रश्नांचे संग्रह खुले आहेत. त्यांवर पद्धतींचा सराव उत्तम होतो. पण तिथले प्रश्न आधीच मांडून ठेवलेले असतात आणि मांडणी हीच तर शिकायची गोष्ट आहे, म्हणून तिथे फार रेंगाळू नका.

पाचवी पायरी: आपली वाट निवडा

सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे गणित, संख्याशास्त्र, अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र किंवा भौतिकशास्त्रातली पदवी आणि त्यावर ओआरमधली पदव्युत्तर पदवी. हा विषय विद्यापीठांत वेगवेगळ्या विभागांत असतो: कुठे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, कुठे मॅनेजमेंट सायन्स, कुठे गणित, कुठे बिझनेस स्कूल. एमआयटीचं ऑपरेशन्स रिसर्च सेंटर १९५३ पासून आहे. ब्रिटनमध्ये लँकॅस्टर आणि एडिंबरा, भारतात आयआयटी मुंबई आणि दिल्ली विद्यापीठ इथे या विषयाचं शिक्षण मिळतं. अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी एक गोष्ट तपासा: शेवटचा प्रकल्प बाहेरच्या संस्थेबरोबर, तिच्या खऱ्या प्रश्नावर करायला मिळतो का? मिळत असेल तर ती पदवी नोकरीच्या दृष्टीने कितीतरी जास्त मोलाची.

पीएचडीचा विचार संशोधनाची आवड असेल तरच करा. सॉल्व्हर बनवणाऱ्या कंपन्या, मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांचे संशोधन गट आणि अर्थातच विद्यापीठं यांना ती लागते. रुग्णालयात किंवा वाहतूक खात्यात विश्लेषक म्हणून काम करायला सहसा लागत नाही.

आता त्या वाटेबद्दल जी फार कमी जण सुचवतात आणि माझ्या मते कित्येकांसाठी सर्वांत चांगली असते: तुम्ही सध्या जिथे काम करता तिथूनच आत शिरणं. गोदामात, कॉल सेंटरमध्ये, कारखान्याच्या नियोजन विभागात किंवा रुग्णालयाच्या प्रशासनात काम करणाऱ्याकडे अशी एक गोष्ट असते जी नव्या पदवीधराकडे नसते. निर्णय प्रत्यक्षात कसे होतात हे त्याला माहीत असतं. कोणाचा फोन आल्यावर वेळापत्रक बदलतं, कागदावरची कोणती अट कोणीच पाळत नाही, कोणती नोंद विश्वासार्ह नाही, हे सगळं त्याला ठाऊक असतं. गणित संध्याकाळी बसून शिकता येतं, पण ही माहिती बाहेरून शिकायला वर्षं जातात.

तुम्ही अशा ठिकाणी असाल तर आपल्या विभागातला वारंवार होणारा एक निर्णय निवडा. दर आठवड्याला होणारा निवडलात तर उत्तम, म्हणजे सुधारणा लवकर दिसते. तो आज कसा घेतला जातो ते आधी लिहून काढा. मागच्या काही महिन्यांच्या नोंदी वरिष्ठांच्या परवानगीने घ्या. छोटं मॉडेल बनवा आणि ते मॉडेल तेव्हा असतं तर काय सुचवलं असतं ते प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून बघा. निकाल वरिष्ठांपुढे ठेवताना ‘तुमची पद्धत चुकीची आहे’ असा सूर नको. ‘हे दोन आठवडे शेजारी शेजारी चालवून बघूया का?’ असं विचारा. पदाचं नाव बदलायच्या आधी काम बदलतं, आणि मग नावही बदलून मागता येतं.

सहावी पायरी: एक प्रकल्प, शेवटपर्यंत

पाच अर्धवट प्रकल्पांपेक्षा एक तडीला नेलेला प्रकल्प मुलाखतीत फार वजनदार ठरतो. तडीला म्हणजे कुठपर्यंत, ते एका उदाहरणातून सांगतो.

समजा एका वॉर्डात २० परिचारिका आहेत आणि २८ दिवसांचं ड्युटी-पत्रक बनवायचं आहे. दिवसाला ३ पाळ्या. प्रत्येक परिचारिका, दिवस आणि पाळी यांच्या जोडणीसाठी एक चल, ज्याची किंमत ० किंवा १. एकूण १,६८० चल. अटी अशा: प्रत्येक पाळीत ठरलेली किमान संख्या, एका दिवशी एकीला एकच पाळी, रात्रपाळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळपाळी नाही, मंजूर रजा पाळायची. उद्दिष्ट: सर्वाधिक आणि सर्वांत कमी रात्रपाळ्यांमधला फरक शक्य तितका कमी करणं.

हे लिहून सॉल्व्हर चालवलात की पहिलं उत्तर बहुधा येतं: सगळ्या अटी पाळणारं पत्रक अस्तित्वातच नाही. इथेच खरं शिक्षण सुरू होतं. कोणत्या अटी मोडताच येत नाहीत आणि कोणत्या नाइलाजाने मोडल्या जातात, हे सॉल्व्हर सांगू शकत नाही. ते पत्रक बनवणाऱ्या मुख्य परिचारिकेला विचारावं लागतं. विचारलंत की ती अशा अटी सांगते ज्या कुठेच लिहिलेल्या नाहीत: नवी मुलगी रात्री एकटी अनुभवी सोबतीशिवाय नको, सलग तीनपेक्षा जास्त रात्री नकोत. मग काही अटी सैल करून त्या मोडल्यास दंड लावायचा. कोणता दंड मोठा आणि कोणता लहान, हेही पुन्हा तिच्याशी बोलूनच ठरवायचं.

नंतर तुलना. तुमचं पत्रक ‘इष्टतम’ आहे एवढं सांगून भागत नाही, हाताने बनवलेल्या मागच्या पत्रकापेक्षा ते कुठे सरस आणि कुठे उणं आहे ते आकड्यांत दाखवा. मग संवेदनशीलता तपासा: दोघी अचानक आजारी पडल्या तर पत्रक किती बदलावं लागतं? सगळ्याच्या शेवटी एका पानाची टिपण लिहा, ज्यात एकही सूत्र नाही आणि जी मुख्य परिचारिका चहाच्या सुट्टीत वाचू शकेल. कोड खुल्या भांडारात ठेवा, खऱ्या माणसांची नावं आणि माहिती काढूनच. खरी संस्था मिळाली नाही तर एखादी स्वयंसेवी संस्था, ग्रंथालय किंवा महाविद्यालयाचं परीक्षा-वेळापत्रकही चालेल. समोर निर्णय घेणारा एक खरा माणूस हवा, ही अट मात्र सोडू नका.

सातवी पायरी: अर्ज आणि मुलाखत

बायोडेटात तंत्रांची यादी खाली ठेवा. वर प्रकल्प लिहा, आणि तोही या क्रमाने: कोणता निर्णय होता, तुम्ही काय केलं, काय बदललं. ‘मिक्स्ड इंटिजर प्रोग्रामिंग वापरलं’ हे वाक्य शेकडो अर्जांत असतं.

मुलाखतीत तीन प्रकारचे प्रश्न येतात. काही तांत्रिक: ड्युअल किमतीचा अर्थ सांगा, हा सॉल्व्हर एवढा हळू का चालतोय, ‘जर अ निवडलं तर ब निवडायलाच हवं’ ही अट ०-१ चलांत लिहा. काही कोडिंगचे. आणि तिसरा प्रकार निर्णायक असतो: एखादी मोघम परिस्थिती देतात, जसं ‘आमच्या रुग्णवाहिका उशिरा पोहोचतात, तुम्ही काय कराल?’ बहुतेक उमेदवार लगेच मॉडेलकडे धावतात. तुम्ही आधी विचारा. उशीर कशाला म्हणायचं? सरासरी वेळ कमी करायचा आहे की फार उशिरा पोहोचलेल्या फेऱ्या? रुग्णवाहिका कमी आहेत, चुकीच्या ठिकाणी उभ्या आहेत, की रुग्णालयाच्या दारात रुग्ण सोपवण्यातच अडकून पडतात? हातात काय बदलण्याचा अधिकार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘दारात अडकतात’ असं निघालं तर तळांच्या जागा ठरवणारं सुंदर मॉडेल कुचकामी ठरलं असतं.

आठवी पायरी: माणसं आणि संस्था

या क्षेत्रातल्या संघटना नवख्यांना जवळ करतात. ब्रिटनची ओआर सोसायटी १९४८ मध्ये क्लब म्हणून सुरू झाली. ऑपरेशनल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९५७ पासून आहे, आणि देशोदेशीच्या संघटनांचा महासंघ, इफोर्स, १९५९ पासून. अमेरिकेतली इन्फॉर्म्स दोन जुन्या संस्था एकत्र येऊन १९९५ मध्ये झाली. तिच्या फ्रांझ एडेलमन पुरस्काराच्या अंतिम फेरीतले प्रकल्प आवर्जून वाचा. त्यांत पद्धतीइतकाच भर प्रत्यक्ष परिणाम कसा मोजला यावर असतो. विद्यार्थी सदस्यत्व घ्या. परिषदेला गेलात तर उद्योगातल्या लोकांची सत्रं निवडा आणि त्यांना एकच विचारा: तुमचं कोणतं मॉडेल वापरलं गेलं नाही, आणि का? त्या उत्तरांतून जे कळतं ते पुस्तकांत सापडत नाही. व्यावसायिक प्रमाणपत्रांचा विचार थोडा अनुभव आल्यावर करा.

नोकरी स्वीकारताना

पहिल्या नोकरीत तुम्ही कोणाबरोबर बसता हे पगाराइतकंच महत्त्वाचं आहे. म्हणून होकार देण्याआधी काही प्रश्न मोकळेपणाने विचारा. गटात मॉडेलिंगचा अनुभव असलेला ज्येष्ठ कोणी आहे का, की तुम्ही एकटेच असाल? गटाने बनवलेलं कोणतं मॉडेल आज रोज वापरात आहे? ते चुकीचं उत्तर देतं तेव्हा फोन कोणाला जातो? निर्णय घेणाऱ्या लोकांशी तुम्ही थेट बोलणार की मधल्या कोणामार्फत? आणि पहिल्या महिन्यात काही दिवस गोदामात, वॉर्डात, नियंत्रण कक्षात किंवा जिथे ते काम चालतं तिथे जाऊन बसायची मुभा मिळेल का? या शेवटच्या प्रश्नाला तत्काळ ‘हो’ म्हणणारी जागा मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी ती घ्या.